रक्तपेशींवरचे ॲड्रेनर्जिक रिसेप्टर मोजताना: बडोद्याच्या प्रयोगशाळेतल्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

कामाची हद्द आज ठरली. पेशी दोन, रिसेप्टर (पेशीवरच्या, ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिन पकडणाऱ्या जागा) दोन: लिम्फोसाइटवरचा (एक प्रकारची पांढरी पेशी) बीटा-२ आणि प्लेटलेटवरचा (रक्त गोठवायला मदत करणारी बारीक पेशी) आल्फा-२ए. दोन्ही एकाच रक्तदात्याच्या, एकाच वेळी काढलेल्या रक्तातून मोजायचे.

रक्तच का, हे एकदा लिहून ठेवलेले बरे. ॲड्रेनॅलिनचा परिणाम आपल्याला पाहायचा असतो तो हृदयावर, श्वासनलिकांवर, रक्तवाहिन्यांवर. पण धडधाकट माणसाकडून हृदयाचा तुकडा मागता येत नाही, रक्त मागता येते. १९७६ मध्ये विल्यम्स, स्नायडरमन आणि लेफकोविट्झ यांनी ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेले अल्प्रेनोलॉल (बीटा रिसेप्टरवर बसणारे औषध) वापरून मानवी लिम्फोसाइटवर बीटा रिसेप्टर दाखवले आणि ही वाट खुली झाली. मात्र तिची मर्यादाही तेवढीच पक्की आहे. लिम्फोसाइटवरचे बीटा रिसेप्टर जवळजवळ सगळे बीटा-२ प्रकारचे असतात. हृदयात मुख्य असतो तो बीटा-१, आणि त्याच्याबद्दल ही पेशी काहीही सांगत नाही. अहवालात 'हृदयाचे रिसेप्टर' हे शब्द कुठेही येऊ द्यायचे नाहीत.

धरून चालायचे आकडे: एका लिम्फोसाइटवर साधारण एक ते दोन हजार बीटा-२, एका प्लेटलेटवर दोनशे ते तीनशे आल्फा-२ए. आपला निकाल यापेक्षा दसपट वर किंवा खाली आला, तर नव्या शोधाच्या गोष्टी करण्याआधी हिशेब तपासायचा.

७ ऑगस्ट

लायगँड (रिसेप्टरवर बसणारा, किरणोत्साराने मोजता येणारा रेणू) कोणता घ्यायचा, यावर दिवस गेला. जाऊ दे, पुढचे सगळे यावर उभे आहे.

बीटा-२ साठी तीन पर्याय होते. ट्रिशियमचे डायहायड्रोअल्प्रेनोलॉल स्वस्त, पण चरबीत सहज विरघळणारे. अखंड जिवंत पेशींना दिले की ते रिसेप्टरवर बसते आणि पेशीच्या आतही शिरते. आत साठलेले प्रॉप्रॅनोलॉलने (बीटा रिसेप्टर अडवणारे औषध) हटते, त्यामुळे ते 'विशिष्ट' (म्हणजे रिसेप्टरवरच्या) बंधनात मोजले जाते आणि आकडा फुगतो. आलेखात दुसरी, कमी ओढीची (लायगँड सैल धरणारी) 'जागा' दिसते. ती जागा खरी नसते. हा पर्याय बाद.

दुसरा पर्याय ट्रिशियमचे सीजीपी-१२१७७. हे पाण्यात विरघळणारे आहे, पेशीत शिरत नाही, फक्त पृष्ठभागावरचे रिसेप्टर दाखवते. तत्त्वतः उत्तम. पण हिशेब मांडला की अडचण कळते. एका लिम्फोसाइटवर १५०० रिसेप्टर धरले, तर १० लाख पेशींवर २.५ फेम्टोमोल (एक फेम्टोमोल म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात इतका मोल) होतात. लायगँडची विशिष्ट सक्रियता (ठरावीक मात्रेमागचा किरणोत्सार) मिलीमोलला ४० क्युरी असेल, तर एका फेम्टोमोलला मिनिटाला ८८.८ विघटने. सगळे रिसेप्टर भरले तरी २२२ विघटने, आणि सिंटिलेशन काउंटर ट्रिशियमची चाळीस टक्के पकडतो असे धरले तर हातात ८९ काउंट. पार्श्वभूमीपासून हे जेमतेम वेगळे काढता येते. नीट काउंट हवे असतील तर प्रत्येक नळीत ५० लाख पेशी हव्यात. २४ नळ्यांना बारा कोटी पेशी, म्हणजे साधारण १२० मिली रक्त. असे रक्त कोणाकडून घेणार?

म्हणून तिसरा पर्याय: आयोडीन-१२५ लावलेले सायनोपिंडोलॉल. सक्रियता मिलीमोलला २२०० क्युरी, म्हणजे एका फेम्टोमोलला मिनिटाला ४८८४ विघटने. नळीमागे दोन लाख पेशी पुरतात. २४ नळ्यांना ४८ लाख पेशी लागतात, आणि १० मिली रक्तातून साधारण एक कोटी एककेंद्रकी पेशी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट) निघतात. गणित बसले. हेही चरबीत विरघळते, त्यामुळे साधे सीजीपी-१२१७७ (किरणोत्सारी नसलेले) प्रतिस्पर्धी म्हणून सोबत ठेवायचे. प्रॉप्रॅनोलॉलने हटणारे वजा सीजीपीने हटणारे, ही तफावत पेशीच्या आत ओढून घेतलेल्या रिसेप्टरची. पण ही तुलना थंडीतच करायची, ३७ अंशांवर रिसेप्टरची ये-जा चालूच राहते.

प्लेटलेटसाठी फार डोके खाजवावे लागले नाही: ट्रिशियमचे योहिम्बिन. क्लोनिडिन घेतले तर ते अंशतः उद्दीपक (रिसेप्टरला थोडेसे चालू करणारे) असल्यामुळे जी-प्रथिनाशी (रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणारे प्रथिन) जोडलेली, जास्त ओढीची अवस्थाच ठळक दाखवते आणि एकूण संख्या कमी भासते. योहिम्बिन विरोधक (रिसेप्टर चालू न करता अडवणारे) आहे, दोन्ही अवस्था सारख्याच मोजते.

११ ऑगस्ट

रक्तदात्यांचे नियम. माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच, फिल्टर आणि काउंटर यांच्यापेक्षा.

वेळ सकाळी आठ ते नऊ. उपाशीपोटी. आदल्या रात्रीपासून चहा, कॉफी, तंबाखू, मावा बंद. आल्यावर शिरेत कॅन्युला लावायची आणि माणसाला तीस मिनिटे आडवे झोपवायचे. रक्त त्यानंतर, झोपलेल्या अवस्थेतच. कारण नुसते उठून उभे राहिले तरी रक्तातले नॉरॲड्रेनॅलिन काही मिनिटांत जवळपास दुप्पट होते, आणि सुई टोचल्याची धास्ती वेगळीच. टोचल्या टोचल्या काढलेले रक्त धास्तीचे रक्त असते.

विचारायचे प्रश्न छापील यादीतून वाचून दाखवू नयेत. घरच्यासारखे विचारले की खरे उत्तर येते. दांडिया बाजारातून येणाऱ्या ज्येष्ठांना 'तुम्ही कॅफिन घेतले का' असे विचारले तर ते 'नाही' म्हणतात. 'काका, निघताना घोटभर चहा झालाच असेल ना?' असे विचारले की 'अर्धाच कप' असे उत्तर येते. अर्धा कप म्हणजे त्या दिवशीचे रक्त नको, पुढची तारीख द्यायची.

औषधांबाबत सक्तीने विचारायचे: दम्याचा पंप, रक्तदाबाची गोळी, सर्दीची गोळी, थायरॉईड, स्टेरॉइड, ॲस्पिरिन. सालब्युटॅमॉलसारखी औषधे रोज घेतली की लिम्फोसाइटवरचे बीटा-२ घटतात. प्रॉप्रॅनोलॉलने उलट होते, रिसेप्टर वाढतात. शिवाय ते पेशींना चिकटून नळीत येते, लायगँडशी जागेसाठी झगडते आणि ओढ कमी असल्याचा भास निर्माण करते. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असू शकते, आणि 'ती काय, साधी सर्दीची गोळी' म्हणून सांगायची राहून जाते. पाकिटाचा फोटो मागवावा.

स्त्री रक्तदात्यांच्या बाबतीत पाळीचा कितवा दिवस आहे ते लिहायचे. याने निकालात फरक पडतो, आणि नंतर विचारायला जाणे बरे दिसत नाही.

१४ ऑगस्ट

लिम्फोसाइट वेगळे करण्याची रीत. मूळ १९६८ ची, बॉयुमची. बदल फारसे नाहीत.

रक्त हेपॅरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत. दोन तासांच्या आत कामाला लावायचे. तेवढ्याच फॉस्फेट सलाइनने पातळ करायचे. ५० मिलीच्या कोनिकल नळीत १५ मिली फिकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारे दाट द्रावण), घनता १.०७७, आणि त्यावर २० मिली पातळ केलेले रक्त. पिपेटचे टोक नळीच्या भिंतीला टेकवून, नळी तिरकी धरून, इतके हळू सोडायचे की दोन्हींमधली रेषा शेवटपर्यंत धारदार दिसावी. एक थेंब जोरात पडला की ती रेषा फाटते, आणि लाल धागे खाली उतरताना दिसतात. अशी नळी बाजूला ठेवावी.

सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटे, २० अंश सेल्सियस, ब्रेक बंद. आपल्या रोटरची त्रिज्या १६ सेंमी, म्हणून १४९५ आरपीएम. प्लेटलेट धुऊन काढताना २०० जी लागते, तेव्हा १०५७. सूत्र यंत्राच्या झाकणावर चिकटवले आहे: १.११८ गुणिले त्रिज्या सेंमीमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, भागिले एक लाख. दुसऱ्या रोटरवर हेच आरपीएम वापरू नयेत.

तापमानाबद्दल. फिकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरले की ते दाट असते, तांबड्या पेशींचे पुंजके नीट होत नाहीत आणि त्या मधल्या थरात राहतात. उलट, बडोद्यात एसी बंद असलेल्या खोलीत ऑगस्टमध्येही पारा तिशीच्या वर सहज असतो. गरम फिकॉलमध्ये तांबड्या पेशी फार भरभर गोळा होतात आणि त्या गोळ्यांत लिम्फोसाइट अडकून खाली जातात. उत्पादन घटते, आणि घटते ते सगळ्या प्रकारच्या पेशींचे सारखेच असेल याची खात्री नाही. म्हणून फिकॉलची बाटली आदल्या संध्याकाळी २० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, काळ्या कागदात गुंडाळून.

मधला दुधाळ थर पाश्चर पिपेटने उचलायचा. कडेपासून सुरुवात करायची, मधून नाही. हाव करून खालचे फिकॉल जास्त ओढले की ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) येतात, वरचा प्लाझ्मा जास्त आला की प्लेटलेट. थर तीनपट सलाइनमध्ये घेऊन आधी ३०० जी, मग दोनदा २०० जी, प्रत्येकी दहा मिनिटे. २०० जीच्या फेऱ्या टाळायच्या नाहीत, प्लेटलेट त्यातच वर राहून निघून जातात.

१८ ऑगस्ट

प्लेटलेटचा प्रश्न वेगळा लिहितो, कारण याने निकाल गुपचूप बिघडतो.

एका मायक्रोलिटर रक्तात लिम्फोसाइट एक ते चार हजार, प्लेटलेट दीड ते चार लाख. नीट न धुतलेल्या नमुन्यात एका लिम्फोसाइटमागे दहा-दहा प्लेटलेट सहज राहतात. त्यांच्यावर बीटा-२ नगण्य. पण आपण निकाल 'मिलीग्रॅम प्रथिनामागे फेम्टोमोल' असा काढला, तर त्या प्लेटलेटचे प्रथिन भाजकात येते आणि रिसेप्टर कमी झाल्यासारखे दिसतात. दोन गटांपैकी एका गटाच्या प्लेटलेट जास्त असतील, तर नसलेला फरक आकड्यात उभा राहतो.

म्हणून लिम्फोसाइटचा निकाल नेहमी पेशीमागे. बीमॅक्स (सगळे रिसेप्टर भरल्यावरचे बंधन) दहा लाख पेशींमागे फेम्टोमोलमध्ये काढायचा आणि ६०२ ने गुणायचा: एका पेशीवरचे रिसेप्टर. (एक फेम्टोमोल म्हणजे ६.०२ गुणिले दहाचा आठवा घात इतके रेणू, त्याला दहा लाखांनी भागले की ६०२.) पेशी न्यूबॉअर चेंबरवर मोजायच्या, दोघांनी वेगवेगळ्या. ०.४ टक्के ट्रायपॅन ब्ल्यूमध्ये ९५ टक्क्यांहून कमी पेशी स्वच्छ दिसल्या तर नमुना पुढे न्यायचा नाही. मेलेल्या पेशी लायगँड शोषून घेतात, आणि ते सगळे अविशिष्ट (रिसेप्टरशी संबंध नसलेले) बंधन.

२१ ऑगस्ट

बीटा-२ बंधनाची मांडणी. एकूण घनफळ २५० मायक्रोलिटर. बफर: हँक्सच्या द्रावणात २० मिलीमोलर हेपीस, पीएच ७.४. पेशी दोन लाख. लायगँड सहा पायऱ्यांत: ५, १०, २०, ४०, ८०, १६० पिकोमोलर. प्रत्येक पायरीला दोन नळ्या नुसत्या लायगँडच्या, दोन १ मायक्रोमोलर प्रॉप्रॅनोलॉलसह. प्रॉप्रॅनोलॉल आधी, लायगँड नंतर, पेशी शेवटी.

पेशी जास्त टाकू नयेत, काउंट वाढतील या आशेनेही नाही. ओढ २० पिकोमोलर धरा. २० पिकोमोलरच्या नळीत एकूण लायगँडच ५ फेम्टोमोल. दहा लाख पेशी टाकल्या तर २.५ फेम्टोमोल रिसेप्टर, त्यातले अर्धे भरले की १.२५ फेम्टोमोल, म्हणजे नळीतला चौथाई लायगँड बांधला गेला. मग मुक्त लायगँड आपण टाकला तितका राहतच नाही, आणि ओढ आहे त्यापेक्षा कमी दिसते. दोन लाख पेशींत हाच हिशेब पाच टक्क्यांवर येतो. दहा टक्क्यांच्या आत राहायचे, हा नियम. काउंटही पुरेसे मिळतात: ०.२५ फेम्टोमोलला १२२१ विघटने, गॅमा काउंटरची क्षमता ७५ टक्के धरली तर नऊशेच्या वर.

२५ ऑगस्ट

वेळेचा आलेख काढला. हा आलेख ५ पिकोमोलरच्या नळीवरच काढायचा, १६० च्या नाही. लायगँड जितका विरळ, तितका समतोल उशिरा येतो. १६० पिकोमोलरवर अर्ध्या तासात आलेख सपाट होतो आणि समाधान वाटते, पण त्याच वेळी ५ पिकोमोलरची नळी अजून चढतीवर असते. ती नळी लवकर गाळली की खालची टोके कमी येतात आणि ओढ खोटी कमी दिसते. ३७ अंशांवर ६० मिनिटे खालच्या पायरीला पुरली नाहीत, म्हणून ९० ठरवली.

गाळण: बर्फासारखा थंड ट्रिस बफर, ५० मिलीमोलर, त्यात १० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ग्लास फायबर फिल्टर जीएफ/सी, ४ मिलीच्या चार धुण्या. नळी ओतल्यापासून शेवटच्या धुणीपर्यंत वेळ सगळ्या नळ्यांना सारखा. व्हॅक्यूम पंपाचा ताण मध्येच पडला तर ती नळी वहीत खूण करून ठेवायची, फिल्टरवर पाणी साचून राहिले की अविशिष्ट काउंट चढतात.

गणपती परवा बसतात. २७ ते ३१ या काळात रक्त घ्यायचे नाही, रक्तदाते आणि आपण दोघेही घरच्या गडबडीत असणार. या दिवसांत पाइपेट कॅलिब्रेशन.

२ सप्टेंबर

लायगँडचे पार्सल पुरवठादाराकडून उशिरा आले, आतला बर्फ वितळलेला. वापरण्याआधीच शुद्धता तपासायला पातळ थर क्रोमॅटोग्राफीची पट्टी लावली. मुख्य ठिपका एकच आला, माल ठेवून घेतला. नसता आला तर परत पाठवायचा होता, कारण तुटलेले लायगँड काउंट देते पण रिसेप्टरवर बसत नाही.

आयोडीन-१२५ चे अर्धायुष्य ५९.४ दिवस. चौदा दिवसांनी ८५ टक्के उरते, तीस दिवसांनी ७० टक्के. इथे एक बारीक गोष्ट: सायनोपिंडोलॉलच्या रेणूतले आयोडीन विघटित झाले की तो रेणूच मोडतो आणि बंधन करत नाही. म्हणून विशिष्ट सक्रियता २२०० च राहते, घटते ती कुपीतली एकाग्रता. सक्रियता तारखेनुसार कमी धरून हिशेब केला तर रिसेप्टर फुकट वाढतात. ट्रिशियमच्या योहिम्बिनला ही भानगड नाही, अर्धायुष्य १२.३ वर्षे.

सुरक्षेचे: आयोडीनला मिलीमीटरभर शिशाचा पत्रा पुरेसा. ट्रिशियम सर्व्हे मीटरवर दिसतच नाही, त्याच्यासाठी टेबल पुसून तो कागद सिंटिलेशनमध्ये मोजायचा. आणि मोठ्या अक्षरांत: आयोडीन असलेल्या रक्ताच्या कचऱ्यात हायपोक्लोराइट ओतू नये. इतर सर्व रक्ताला आपण एक टक्का हायपोक्लोराइट घालतो, हात सवयीने तिकडेच जातो. पण ते आयोडाइडचे वायुरूप आयोडीन करते आणि ते थेट थायरॉईडकडे जाते. त्या डब्यासाठी क्वाटर्नरी अमोनियमचे निर्जंतुक, मग दहा अर्धायुष्ये, म्हणजे ५९४ दिवस, शिशाच्या कपाटात.

९ सप्टेंबर

प्लेटलेट. लिम्फोसाइटपेक्षा काम सोपे, पण या पेशी फार लवकर बिथरतात.

२१ गेजची सुई, दंडाला पट्टा हलका, पहिले ३ मिली टाकून द्यायचे. ९ मिली रक्ताला १ मिली ३.८ टक्के सोडियम सायट्रेट, अशा दोन नळ्या. नळी हलवायची नाही, दोनतीनदा उलटीसुलटी करायची. २०० जी, १५ मिनिटे, २२ अंश. वरचा पिवळसर, ढवळल्यावर रेशमी लाटा दिसणारा थर म्हणजे प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा. नळी उजेडात धरून हळू फिरवली की त्या लाटा दिसायला हव्यात. लाटा नाहीत, नुसता गढूळपणा आहे, तर प्लेटलेट तबकडीचा आकार सोडून गोल झाल्या आहेत. फ्रिजमधली नळी वापरली किंवा ती नळी बर्फाजवळ ठेवली की हेच होते. कारण थंडीत त्यांचा आतला सांगाडा बदलतो.

वरचा तीन चतुर्थांशच घ्यायचा, खालच्या थरात तांबड्या पेशी. त्या आल्या तर नुकसान: हिमोग्लोबिनचा रंग फिल्टरवर बसून सिंटिलेशनचा उजेड खातो आणि काउंट कमी येतात. फिल्टर पिवळसर दिसला तर त्या नळीची क्वेंच दुरुस्ती (खाल्लेल्या उजेडाची हिशेबात भरपाई) स्वतंत्र.

बंधन: नळीमागे पाच कोटी प्लेटलेट, घनफळ अर्धा मिली, योहिम्बिन ०.५ ते १६ नॅनोमोलर, अविशिष्टासाठी १० मायक्रोमोलर फेंटोलॅमिन (आल्फा रिसेप्टर अडवणारे औषध). २५० रिसेप्टर धरले तर पाच कोटी प्लेटलेटवर सुमारे २१ फेम्टोमोल, आणि नळीत लायगँड शेकड्यांनी. इथे लायगँड संपण्याची भीती नाही.

फिल्टर सिंटिलेशन द्रावणात टाकून रात्रभर अंधारात. लगेच मोजले तर फिल्टर पूर्ण भिजलेला नसतो आणि रासायनिक उजेडाचे काउंटही मिसळतात.

१२ सप्टेंबर

संख्या एक, काम दुसरे. रिसेप्टर आहे पण काम करतो का, यासाठी प्लेटलेटचे ॲग्रिगेशन (एकमेकींना चिकटणे). प्लेटलेट मायक्रोलिटरला अडीच लाखांवर आणायच्या, ३७ अंश, १००० आरपीएम ढवळणी, ॲड्रेनॅलिन १० मायक्रोमोलर. नीट चालले तर आलेखात दोन पायऱ्या दिसतात. ॲस्पिरिन घेतलेल्याची दुसरी पायरी गायब होते, आणि तो परिणाम आठवडाभर ते दहा दिवस टिकतो, प्लेटलेट नव्या येईपर्यंत. योहिम्बिनचे बंधन मात्र तसेच राहते. काही धडधाकट माणसांच्या प्लेटलेटना ॲड्रेनॅलिनची फारशी जागच येत नाही, हेही माहीत असावे.

नळीचे झाकण बंद ठेवायचे. कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच चढतो आणि जाग बदलते. ॲड्रेनॅलिन रोज ताजे, १ मिलीमोलर ॲस्कॉर्बिक आम्लात. द्रावणाला किंचित गुलाबी छटा आली की ते ॲड्रेनोक्रोम झाले, फेकून द्यायचे. पांढऱ्या कागदावर नळी धरून बघावे, डोळ्यासमोर नुसती धरली तर ती छटा सुटते.

लिम्फोसाइटसाठी सायक्लिक एएमपी (बीटा-२ चालू झाल्यावर पेशीत वाढणारा संदेशवाहक रेणू): आयबीएमएक्स (तो रेणू मोडू न देणारे) ०.५ मिलीमोलर, आयसोप्रोटेरेनॉल (बीटा उद्दीपक) १० मायक्रोमोलर, दहा मिनिटे, उकळत्या पाण्याने थांबवणे.

१९ सप्टेंबर

नवरात्र २२ पासून. बडोद्यात या दिवसांत रिसेप्टर मोजण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

गरबा म्हणजे रोज रात्री तासन् तास चालणारा व्यायाम, वर जागरण. व्यायामात लिम्फोसाइटवरचे सरासरी बीटा-२ काही मिनिटांत वाढतात, आणि थांबल्यावर तासाभरात उतरतात. लांबवर टिकणारे ॲड्रेनॅलिन मात्र उलट रिसेप्टर घटवते. नऊ रात्रींनंतरच्या सकाळी यातले नेमके काय मोजले जाईल ते वेगळे करता येणार नाही. 'मी खेळत नाही, नुसती बघायला जाते' असे काकू म्हणाल्या तरी जागरण आहेच. दसऱ्यानंतर दोन आठवडे मोकळे सोडायचे. तोवर दिवाळी येते, म्हणून पुढचे रक्त नोव्हेंबरात.

२६ सप्टेंबर

रक्त बंद असल्यामुळे हा मुद्दा सविस्तर. व्यायामात वाढतात म्हणजे नेमके काय वाढते?

लिम्फोसाइट ही एक पेशी नाही. नैसर्गिक मारक पेशींवर बीटा-२ सर्वांत जास्त, सहायक टी पेशींवर सर्वांत कमी, सीडी-८ टी पेशी आणि बी पेशी या दोन टोकांच्या मध्ये. ॲड्रेनॅलिन वाढले की मारक पेशी प्लीहेतून आणि रक्तवाहिन्यांच्या कडांवरून सुटून प्रवाहात येतात. समजण्यापुरते आकडे घेऊ: मारक पेशीवर २०००, बाकीच्यांवर १०००. मारक पेशी दहा टक्के असताना सरासरी ११००. त्या तीस टक्के झाल्या की सरासरी १३००. म्हणजे अठरा टक्के वाढ, आणि एकाही पेशीने एकही नवा रिसेप्टर बनवलेला नाही. हे समजून न घेता लिहिलेला 'अप-रेग्युलेशन' (पेशीने रिसेप्टर वाढवणे) हा शब्द वाचला की मला त्रास होतो.

म्हणून प्रत्येक नमुन्यातून एक लाख पेशी फ्लो सायटोमीटरसाठी (पेशींचे प्रकार मोजणारे यंत्र) बाजूला, पेशींवरच्या या खुणांसाठी: सीडी-३, सीडी-४, सीडी-८, सीडी-१९, सीडी-५६ (मारक पेशींची खूण). सीडी-१४ सुद्धा, कारण फिकॉलच्या थरात मोनोसाइट येतातच. निकालाच्या तक्त्यात रिसेप्टरच्या शेजारच्या रकान्यात हे टक्के असलेच पाहिजेत. ते नसतील तर तो नमुना तुलनेत घ्यायचा नाही.

एकेका प्रकारच्या पेशी चुंबकी मण्यांनी वेगळ्या करून मोजणे जास्त बरे, पण त्यासाठी रक्त जास्त लागते. शिवाय मण्यांची प्रतिपिंडे पेशीला डिवचू शकतात. म्हणून नको असलेल्या पेशी मण्यांनी पकडून हवी ती पेशी मोकळी सोडायची.

७ ऑक्टोबर

स्पर्धात्मक बंधनाचे आलेख. अखंड पेशींत आयसोप्रोटेरेनॉलची ओढ नुसत्या पेशीपडद्यांच्या तुलनेत खूप कमी दिसते. कारण ३७ अंशांवर तासभर उद्दीपकासोबत राहिलेला रिसेप्टर त्या काळात शिथिल (उद्दीपकाला दाद न देणारा) होतो, पृष्ठभागावरून आत जातो, आणि पेशीत जीटीपी (रिसेप्टर आणि जी-प्रथिन यांची जोड सोडवणारा रेणू) भरपूर असतो. उद्दीपकाची ओढ हवी असेल तर पडदे करावेत, जीटीपीसह आणि जीटीपीशिवाय. जीटीपी दिल्यावर आलेख उजवीकडे सरकला, तर जी-प्रथिनाशी जोड शाबूत आहे. विरोधकाचा आलेख सरकत नाही, ती आपली तपासणी.

१० नोव्हेंबर

पुन्हा रक्त सुरू. खोलीत आता हवा कोरडी, व्हायलवर स्थिर वीज चढते आणि मध्येच एखादा काउंट उसळतो. काउंटरमध्ये ठेवण्याआधी ओल्या कापडाने पुसावे. फिकॉलचा प्रश्न उलटला: सकाळी खोलीत बाटली वीस अंशांच्या खाली गेलेली असू शकते. इनक्युबेटर चालूच ठेवायचा.

गणित नॉन-लिनियर फिटने (आकड्यांवर थेट वक्ररेषा बसवून) करायचे. स्कॅचर्डचा १९४९ चा आलेख (बांधलेला भागिले मुक्त लायगँड, बांधलेल्याविरुद्ध) काढायचा, पण डोळ्याने बघण्यापुरता: रेषा वर वाकली तर पेशींनी गिळलेला लायगँड किंवा अविशिष्टाची चूक, टोकाला खाली वाकली तर समतोल अपुरा. त्या आलेखावरून सरळ रेषा ओढून बीमॅक्स वाचू नये, त्यात चुका एका टोकाला ताणल्या जातात.

२४ नोव्हेंबर

आतापर्यंतच्या नमुन्यांत दोन गट पाडले: तीस मिनिटे पूर्ण झोपलेले आणि घाईने उरकलेले. घाईच्या नमुन्यांत सीडी-५६ चे प्रमाण वर, सरासरी बीटा-२ वर. प्लेटलेटच्या आल्फा-२ए मध्ये असे काही दिसत नाही. घाईचे सगळे नमुने तुलनेतून काढले आणि त्या रक्तदात्यांना पुन्हा बोलावले आहे. उत्तरायण १४ जानेवारीला. त्या आठवड्यात पतंगांपायी दिवसभर गच्चीवर धावपळ असते, तेव्हा तारखा त्याआधी किंवा २० नंतर द्यायच्या. २ सप्टेंबरचा लायगँड आज मूळच्या ३८ टक्क्यांवर आहे. एका कुपीतून दोन दात्यांपेक्षा जास्त आता निघणार नाहीत, नवी मागणी आजच पाठवली.